वाचकांचे प्रश्न : व्हॅम्पायरला ऊन केव्हापासून बाधू लागले?

प्रश्न : आमच्या मराठी मंडळाची मुले यंदाच्या गणेशोत्सवासाठी एक भयनाटिका बसवीत आहेत. तिच्यात व्हॅम्पायर आहे. शेवटी खिडकीतून ऊन येते आणि तो जळून जातो, असे लिहिले आहे. मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी यावर आक्षेप घेतला. मूळ कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा लंडनच्या रस्त्यावर फिरतो, तेव्हा हा शेवटच चुकीचा आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यावरून तालमीत दोन तट पडले. ऊन, लसूण, आरसा, उंबरठा, लाकडी मेख या सगळ्यांपैकी लोकांच्या समजुतीतून आलेले काय आणि लेखकांनी घडवलेले काय, हे कृपया सांगावे.
(एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे खरे आहे, आणि तरीही मुलांनी लिहिलेला शेवट टाकून देण्यासारखा नाही. ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीत काउंट ड्रॅक्युला लंडनच्या पिकॅडिली भागात दिवसाउजेडी उभा असतो आणि त्याला ओळखून कादंबरीचा नायक, तरुण वकील जोनाथन हार्कर याच्या अंगाला कापरे भरते. दिवसा त्याची अद्भुत शक्ती थांबते, म्हणजे त्याला मनात येईल तेव्हा वटवाघळाचे किंवा धुक्याचे रूप घेता येत नाही. रूप बदलायचेच तर त्याला नेमकी मध्यान्हीची किंवा सूर्योदय-सूर्यास्ताची घटका गाठावी लागते. परंतु ऊन त्याच्या अंगाला बाधत नाही. अखेरच्या प्रसंगी त्याची पेटी उघडली जाते तेव्हा सूर्य मावळतीला टेकलेला असला तरी पुरता बुडालेला नसतो, आणि काउंटचा अंत होतो तो दोन पोलादी पात्यांनी. हार्करची कुकरी त्याच्या गळ्यावरून फिरते आणि क्विन्सी मॉरिस या अमेरिकन सोबत्याचा शिकारी सुरा काळजात घुसतो. ज्या लाकडी मेखेमुळे ड्रॅक्युलाचे नाव सर्वांच्या तोंडी आहे, ती स्वतः ड्रॅक्युलाला कधी लागतच नाही. ती लागते त्याने बाधित केलेल्या लूसी या तरुणीला.

उन्हाने मरणारा व्हॅम्पायर पहिल्यांदा दिसला तो पडद्यावर. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांनी दिग्दर्शित केलेला ‘नोस्फेराटू’ हा जर्मन मूकपट मार्च १९२२ मध्ये बर्लिनमध्ये दाखवला गेला. कथा स्टोकर यांचीच होती, पण परवानगी घेतलेली नव्हती, म्हणून पात्रांची नावे बदलली होती आणि शेवटही निराळा केला होता. एक स्त्री जाणूनबुजून त्या रक्तपिपासूला पहाटेपर्यंत आपल्या बिछान्यापाशी खिळवून ठेवते, कोंबडा आरवतो, खिडकीतून सूर्याचे पहिले किरण आत येतात आणि तो धुरासारखा विरून जातो. स्टोकर यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी दावा लावला, आणि १९२५ मध्ये चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट कराव्यात असा आदेश जर्मन न्यायालयाने दिला. तरीही काही प्रती वाचल्या आणि त्यांच्याबरोबर उन्हाचा तोडगाही वाचला. पुढे १९५८ च्या ब्रिटिश ‘ड्रॅक्युला’ चित्रपटात पडदे ओढून उजेड आत घेण्याचा प्रसंग आला, आणि त्यानंतर जगभरच्या प्रेक्षकांना दुसरा शेवट आठवेनासा झाला. माझ्या मते हे चित्रपटातच घडावे याला कारण आहे. मूकपटात ध्वनी नव्हता. भीती निर्माण करायला दिग्दर्शकाच्या हाती काळोख आणि सावली एवढेच होते. जो प्राणी सावलीतूनच उभा केला, त्याला मारायला उजेडाहून योग्य शस्त्र कोणते असणार?

त्याआधीच्या इंग्रजी कथांत तर रात्रीचा प्रकाश व्हॅम्पायरला जीवदान देतो. जॉन पोलिडोरी यांच्या १८१९ च्या कथेत लॉर्ड रथवेन मरताना व्यवस्था करून ठेवतो की, आपला देह डोंगरमाथ्यावर अशा जागी ठेवावा जिथे चंद्राचा पहिला किरण त्याच्यावर पडेल. आणि तो पुन्हा उठतो. शेरिडन ल फान्यू यांच्या १८७२ मधील कथेतली व्हॅम्पायर तरुणी कार्मिला दुपारी एकच्या सुमारास खोलीबाहेर येते, थकल्यासारखी चालते, पण दिवसाउजेडी बाहेर बसून बोलतेही.

आता पुस्तके बाजूला ठेवून खेड्यांकडे वळू, कारण खरी जुनी सामग्री तिथे आहे, आणि ती पाहिल्यावर आपल्या नाटिकेतला काळ्या झग्यातला, फिकट चेहऱ्याचा सरदार फार नवा वाटू लागतो. तुर्कांशी झालेल्या १७१८ च्या तहानंतर सर्बियाचा काही भाग ऑस्ट्रियाच्या ताब्यात आला आणि तेथील अधिकाऱ्यांना गावकऱ्यांच्या एका विलक्षण मागणीला तोंड द्यावे लागले. १७२५ मध्ये किसिल्येवो या गावात पेतार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी मेला. त्यानंतर आठ दिवसांत नऊ माणसे थोड्याशा दुखण्याने गेली आणि मरण्यापूर्वी त्यांनी सांगितले की, पेतार झोपेत येऊन आमच्या अंगावर बसतो आणि गळा दाबतो. गावकऱ्यांनी थडगे उघडण्याची परवानगी मागितली, ती मिळण्याची वाट न पाहता गाव सोडून जाण्याची धमकी दिली, आणि शेवटी फ्रोम्बाल्ड नावाच्या अधिकाऱ्यासमोर थडगे उघडले गेले. पुरून सुमारे दहा आठवडे झाले असूनही प्रेत कुजलेले नव्हते, जुनी कातडी गळून खाली नवी दिसत होती, नखे नवी वाटत होती आणि तोंडात रक्त होते. गावकऱ्यांनी छातीत टोकदार मेख ठोकली, कानातोंडातून रक्त आले, आणि नंतर देह जाळण्यात आला. सहा-सात वर्षांनी मेद्वेजा या गावी असेच घडले. तेथे चौकशीसाठी गेलेले लष्करी शल्यचिकित्सक योहान फ्ल्यूकिंगर यांनी जानेवारी १७३२ मध्ये दिलेला अहवाल युरोपभर वाचला गेला आणि ‘व्हॅम्पायर’ हा शब्द त्याच वर्षी इंग्रजी वृत्तपत्रांत शिरला.

या अहवालांतला व्हॅम्पायर फुगलेला, लालसर, गावातलाच शेजारी आहे. त्याला सुळे नाहीत, किल्ला नाही, आणि ऊन त्याला मारते असे कोणी म्हणत नाही. गावकऱ्यांचे सगळे तोडगे एकाच प्रश्नाभोवती फिरतात, आणि तो प्रश्न म्हणजे हे प्रेत जमिनीत कसे टिकवून ठेवायचे. मेखेचा मूळ अर्थ इथे आहे. आपण तंबूची दोरी ओढून मेख ठोकतो ती तंबू जागचा हलू नये म्हणून. प्रेताच्या छातीतून जमिनीत मेख ठोकण्यामागेही तोच व्यवहारी विचार होता, आणि काळीज भेदण्याचे महत्त्व त्याला नंतर जोडले गेले. मेख कशाची असावी हेही प्रदेशागणिक वेगळे होते: सर्बियात काटेरी हॉथॉर्नची, रशियात अ‍ॅस्पेन या झाडाची. बल्गेरियातील सोझोपोल येथे २०१२ मध्ये उत्खननात मिळालेल्या मध्ययुगीन सांगाड्यांच्या छातीत लाकडाऐवजी लोखंडी कांब आढळली. मेख भागत नसेल तर शिर तोडणे, पालथे पुरणे, आणि सर्वांत शेवटी जाळणे, असा हा क्रम होता. जाळल्यावर परत येण्यासाठी देहच उरत नाही.

लसूणही लोकांचा, आणि तो खरोखर जुना आहे. एमिली जेरार्ड या लेखिका ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातील आपल्या पतीबरोबर दोन वर्षे ट्रान्सिल्व्हेनियात राहिल्या आणि १८८५ मध्ये त्यांनी तेथील समजुतींवर एक लेख लिहिला. प्रेताचे शिर तोडून, तोंडात लसूण भरून ते पुन्हा शवपेटीत ठेवण्याची रीत त्यांनी नोंदवली आहे. स्टोकर स्वतः ट्रान्सिल्व्हेनियात कधीही गेले नव्हते. त्यांनी हा लेख वाचला होता आणि लूसीच्या बाबतीत कादंबरीत अक्षरशः हेच घडते. रुमानियात आजही संत अँड्र्यूच्या सणाच्या आदल्या रात्री, म्हणजे २९ नोव्हेंबरला, दारे-खिडक्यांना लसूण चोळण्याची प्रथा सांगितली जाते. उग्र वासाची वस्तू वाईटाला दूर ठेवते, ही कल्पना रोग दुर्गंधीतून पसरतो असे मानणाऱ्या काळात अगदी स्वाभाविक होती. आपल्याकडे मात्र लसणाची कथा उलटी आहे. मध्य आशियात १८९० मध्ये सापडलेल्या बॉवर हस्तलिखित या जुन्या संस्कृत वैद्यकग्रंथातील लशुनकल्पात असे सांगितले आहे की, अमृत पिणाऱ्या असुराचा गळा विष्णूने कापला तेव्हा सांडलेल्या थेंबांतून लसूण उगवला, आणि म्हणून ब्राह्मण तो खात नाहीत. एकीकडे राक्षसाला पळवणारा लसूण, आणि दुसरीकडे राक्षसाच्याच गळ्यातून उगवलेला.

आरसा हा स्टोकर यांचा. त्यांची टिपणे फिलाडेल्फियातील रोझनबाख संग्रहालयात जपलेली आहेत, आणि त्यांत या पात्रासाठी त्यांनी योजलेल्या अनेक कल्पना दिसतात: काउंटच्या घरात आरसे नाहीत, त्याचे चित्र कोणत्याही चित्रकाराला साधत नाही, कितीही प्रयत्न केला तरी ते दुसऱ्याच कोणासारखे होते, त्याचे छायाचित्र काळे तरी येते किंवा सांगाड्यासारखे. यांतल्या चित्रकार आणि छायाचित्राच्या कल्पना कादंबरीत आल्या नाहीत, फक्त आरसा उरला. हार्कर दाढी करताना आरशात खोली दिसते पण मागे उभा असलेला माणूस दिसत नाही, हा प्रसंग इतका साधा आणि इतका भेदक आहे की लोककथेतून तो आला नसेल यावर विश्वास बसत नाही. मुलांना शक्य असेल तर त्यांनी हा प्रसंग जरूर करावा. रंगमंचावर आरशाची नुसती रिकामी चौकट पुरते.

उंबरठ्याचे तसे नाही. तिथे लोकांची समजूत आणि लेखकाची योजना एकमेकींत मिसळली आहेत. कादंबरीतला नियम असा की, घरातल्या कोणीतरी बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला प्रथम घरात शिरता येत नाही, पण एकदा बोलावले की पुढे तो हवा तेव्हा येऊ शकतो. स्टोकर यांच्या आधी १८१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोलरिज यांच्या ‘क्रिस्टाबेल’ या काव्यात एक गूढ स्त्री उंबरठ्याशी येऊन कोसळते आणि नायिकेला तिला उचलून आत न्यावे लागते. त्याहीपूर्वी, १६४५ मध्ये, लिओ अलातियस या ग्रीक विद्वानाने लिहून ठेवले की, किओस बेटावरचे लोक रात्री पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, कारण दारात आलेला मृतात्मा एकदाच हाक मारतो. माणूस असेल तर तो दुसऱ्यांदा हाक मारील. हे वाचताना मला आमच्या रामबागेतल्या जुन्या घराची आठवण झाली. रात्री अंगणातून कोणी नाव घेऊन बोलावले तर तीन हाका होईपर्यंत ओ द्यायची नाही, असे आम्हा मुलांना बजावलेले असे.

असे नियम कथेला का लागतात, हे समजायला आपल्याला युरोपात जाण्याची गरज नाही. हिरण्यकशिपूला घरात मरण नव्हते आणि बाहेर नव्हते, दिवसा नव्हते आणि रात्री नव्हते. म्हणून नरसिंह संध्याकाळी उंबरठ्यावर आला. शत्रू जितका अजिंक्य, तितकी त्याच्या वरातली फट अरुंद हवी, आणि ती फट शोधण्यातच ऐकणाऱ्याचा जीव गुंततो. स्टोकर यांनी व्हॅन हेल्सिंग या वृद्ध प्राध्यापकाच्या तोंडून व्हॅम्पायरची सगळी पथ्ये एकदम वदवून घेतली, तेव्हा त्यांनी गावकऱ्यांचे तोडगे, चेटकिणींविषयीच्या समजुती आणि स्वतःच्या कल्पना एकाच यादीत गुंफल्या. वाहते पाणी ओलांडता न येणे, हे मुळात चेटकिणींबद्दल सांगितले जाई. रॉबर्ट बर्न्स यांच्या १७९१ मधील ‘टॅम ओ’ शँटर’ या कवितेत नायक पुलाच्या मध्यावर पोहोचतो आणि वाचतो, तो याच आधारावर.

आपल्या मंडळातील वाद मिटवायचा असेल तर एक सुचवावेसे वाटते. नाटिका ‘ड्रॅक्युला’वरून आहे असे जाहिरातीत लिहिले असेल, तर उन्हाचा शेवट बदलावा. तसे नसेल, तर तो ठेवावा, मात्र उजेड येण्याआधी कोंबड्याची आरव जरूर ऐकवावी. रात्रीचे संचारी कोंबडा आरवला की परततात ही समजूत युरोपातही आहे आणि माळव्यातही, आणि उन्हाच्या तोडग्याचे मूळ शोधायचेच तर ते त्या आरवात आहे.

प्रश्न : मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकते. व्हॅम्पायरची कल्पना पॉर्फिरिया या आजारावरून आली, कारण त्या रुग्णांना ऊन सहन होत नाही, असे मी अनेक ठिकाणी वाचले. हे कितपत खरे आहे?
(एक विद्यार्थिनी, इंदूर)

उत्तर : हे खरे नाही, आणि वरचे उत्तर वाचल्यावर त्याचे कारण तुमच्या लक्षात आलेच असेल. ही कल्पना १९८५ मध्ये डेव्हिड डॉल्फिन या कॅनडातील रसायनशास्त्रज्ञांनी मांडली. पॉर्फिरियाच्या काही प्रकारांत हीम, म्हणजे रक्ताला लाल रंग देणारे लोहयुक्त द्रव्य, तयार होण्याच्या मार्गातील द्रव्ये त्वचेत साठतात आणि उन्हाने त्वचेला फोड येतात, हे बरोबर आहे. परंतु ज्या व्हॅम्पायरशी ही तुलना केली, तो १९२२ नंतरचा, चित्रपटातला आहे. सर्बियातल्या शेतकऱ्यांचा व्हॅम्पायर उन्हाने जळत नव्हता, तेव्हा त्याच्या जन्माचे कारण म्हणून उन्हाचा आजार पुढे करणे म्हणजे नातवाच्या चेहऱ्यावरून पणजोबांचे चित्र काढण्यासारखे आहे. शिवाय रक्त पिऊन या रुग्णांना फायदा होत नाही. पोटात गेलेले हीम आतड्यात मोडते. या वदंतीचा त्रास प्रत्यक्ष रुग्णांना झाला, आणि तुम्ही उद्या डॉक्टर म्हणून अशा रुग्णाला भेटाल तेव्हा ती तुमच्या तोंडून त्यांच्या कानावर जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

१९९८ मध्ये हुआन गोमेझ-अलोन्सो या स्पॅनिश मज्जाविकारतज्ज्ञांनी रेबीजशी साम्य दाखवले: चावणे, रात्री न झोपणे, तीव्र वासांनी आणि उत्तेजनांनी झटके येणे. हा विचार पहिल्यापेक्षा अधिक काळजीपूर्वक मांडलेला आहे. तरीही मला सर्वांत पटणारे स्पष्टीकरण रोगाचे नसून कुजण्याचे आहे, आणि ते पॉल बार्बर यांनी १९८८ च्या आपल्या पुस्तकात सविस्तर मांडले. पुरलेल्या देहात वायू साठून पोट फुगते. त्या दाबाने काळसर द्रव नाकातोंडातून बाहेर येतो आणि ताज्या रक्तासारखा दिसतो. वरची त्वचा सुटून खालचा लालसर थर उघडा पडतो. त्वचा आक्रसल्याने नखे वाढल्यासारखी दिसतात. आणि छातीत मेख मारली की आतला वायू कंठातून बाहेर पडताना कण्हल्यासारखा आवाज येतो. फ्रोम्बाल्ड आणि फ्ल्यूकिंगर यांचे अहवाल यानंतर पुन्हा वाचले, तर गावकऱ्यांनी पाहिलेली जवळजवळ प्रत्येक खूण खरी होती असे दिसते. ते खोटे बोलत नव्हते. प्रेत कसे बदलते, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

क्षयाचा एक प्रसंग तुमच्या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातल्या एक्झिटर गावी १८९२ च्या जानेवारीत मर्सी ब्राउन ही एकोणीस वर्षांची मुलगी क्षयाने गेली. तिची आई आणि बहीण आधीच गेल्या होत्या आणि भाऊ एडविन आजारी होता. मार्चमध्ये गावकऱ्यांच्या आग्रहाने तिघींचे देह तपासले गेले. मर्सीच्या काळजात रक्त दिसले. ती थंडीत मरण पावली होती आणि तिचा देह जमिनीवरच्या दगडी कोठडीत ठेवलेला होता, म्हणून तो टिकला होता. काळीज आणि यकृत जाळून त्याची राख पाण्यातून एडविनला पाजण्यात आली. तो दोन महिन्यांत गेला. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्येच जगापुढे मांडला होता, म्हणजे ज्ञान उपलब्ध होऊन दहा वर्षे झाली होती. ऑस्ट्रियात तर त्याच्या फार आधी, १७५५ मध्ये, महाराणी मारिया तेरेसा यांनी आपले वैद्य गेरार्ड फान स्वीटन यांच्याकडून चौकशी करवून घेऊन थडगी उकरण्यास आणि प्रेतांची विटंबना करण्यास बंदी घातली होती.

प्रश्न : व्हॅम्पायरला चांदी चालत नाही, आणि जुन्या आरशांमागे चांदी असे म्हणून त्याचे प्रतिबिंब पडत नाही, असे माझा नातू सांगतो. यात तथ्य आहे का?
(एक वाचक, सराफा, इंदूर)

उत्तर : नातवाने ऐकलेले स्पष्टीकरण चतुर आहे, पण ते मागाहून बसवलेले आहे. काचेवर चांदीचा मुलामा देण्याची रासायनिक पद्धत युस्टुस फॉन लीबिग यांनी १८३५ मध्ये दाखवली. त्याआधी आरशांमागे कथील आणि पारा असे. शिवाय ‘ड्रॅक्युला’त काउंट पहिल्यांदा दार उघडतो तेव्हा त्याच्या स्वतःच्या हातात चांदीचा जुना दिवा असतो, आणि लूसीच्या रक्षणासाठी ठेवलेला छोटा क्रूस सोन्याचा आहे. चांदीचा धाक खरा चिकटला तो लांडगा होणाऱ्या माणसाला, आणि १९४१ च्या ‘द वुल्फ मॅन’ या अमेरिकन चित्रपटानंतर तो पक्का झाला. तिथून तो व्हॅम्पायरच्या कथांत आला.

प्रश्न : माझी आजी बाळंतिणीच्या खाटेखाली विळा ठेवी आणि तिन्हीसांजेला दारात मोहरी टाकी. व्हॅम्पायरच्या वाटेवर दाणे टाकतात असे मध्यंतरी वाचले आणि ते आठवले. दोन्हींचा काही संबंध आहे का? आपल्या वेताळालाही इंग्रजीत व्हॅम्पायर म्हणतात, ते योग्य आहे का?
(एक वाचक भगिनी, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : वेताळाविषयी आधी लिहितो, कारण ते थोडक्यात सांगता येते. उज्जैनच्या विक्रमाच्या आणि वेताळाच्या कथा सोमदेवाच्या अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’तही आहेत. रिचर्ड बर्टन यांनी १८७० मध्ये त्यांतल्या काही इंग्रजीत आपल्या पद्धतीने सांगितल्या आणि पुस्तकाच्या नावातच वेताळाला ‘व्हॅम्पायर’ केले. ते नाव तेव्हापासून चिकटून राहिले. हा वेताळ प्रेतात वास करतो एवढेच साम्य आहे. तो रक्त पीत नाही. तो प्रश्न विचारतो, आणि त्याला वश करण्याचा उपाय म्हणजे मौन. राजाने तोंड उघडले की तो पुन्हा झाडावर जाऊन लटकतो. कोकणात आणि गोव्यात तर वेताळ हा गावाचा राखणदार आहे. त्याला व्हॅम्पायर म्हणणे मला मान्य नाही.

आपल्या आजींच्या विळ्याचे आणि मोहरीचे मात्र दूरदूरचे सोबती आहेत. २०२२ मध्ये पोलंडमधील प्येन या गावी सतराव्या शतकातील एका स्त्रीचे थडगे सापडले. तिच्या गळ्यावर विळा आडवा ठेवलेला होता, अशा रीतीने की उठू पाहिले तर मान कापली जावी, आणि डाव्या पायाच्या अंगठ्याला कुलूप होते. तिथला विळा मृत स्त्रीला थडग्यात थांबवण्यासाठी आहे, आणि आजींचा विळा जिवंत बाळंतिणीला राखण्यासाठी. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. तिकडे देह पुरतात, म्हणून त्यांचे तोडगे थडग्याशी. आपल्याकडे बहुधा देह जाळतात, त्यामुळे मेख मारायला काही उरतच नाही, आणि म्हणून आपले तोडगे दाराशी, वाटेवर, खाटेखाली.

दाण्यांचेही तसेच आहे. पूर्व युरोपात शवपेटीत खसखस किंवा राळे टाकीत, म्हणजे उठलेला मृत ते मोजत बसेल. बाल्टिक किनाऱ्यावरचे काशुबी लोक मासे पकडायच्या जाळ्याचा तुकडा ठेवीत, कारण मृताला त्याच्या गाठी सोडवाव्या लागत आणि वर्षाला एकच गाठ सुटे. आपल्याकडची नोंद विल्यम क्रूक या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर हिंदुस्थानातील लोकसमजुतींवरच्या आपल्या ग्रंथात केली आहे. गरोदरपणी किंवा बाळंतपणात मेलेली बाई चुडेल होते असे मानत, आणि तिला नेलेल्या वाटेवर घाटापर्यंत मोहरी पेरत जात. याची दोन कारणे लोकांनी त्यांना सांगितली. एक असे की, रात्री ती घराकडे निघाली की ते बारीक दाणे तिला दिसतात, ती वाकून एकेक वेचू लागते, तेवढ्यात कोंबडा आरवतो आणि तिला परतावे लागते. खसखशीच्या दाण्यांमागचा विचार हाच, आणि पहाटेची वेळही तीच.

दुसरे कारण युरोपातल्या नोंदींत मला कुठे भेटले नाही. ते असे की, ही मोहरी मृतांच्या लोकात फुलते, तिच्या सुवासाने त्या बाईचे मन तिथे रमते, आणि मग तिला घराची ओढ लागत नाही.